ट्रिगरवरचे बोट आणि मेंदूतला लगाम

चांदमारीच्या मैदानावर एनसीसीचा छात्र पालथा पडून .२२ रायफल खांद्याला लावतो, तेव्हा त्याच्या मनात एकच चिंता असते, ती म्हणजे गोळ्यांचा ग्रुप लहान कसा येईल, म्हणजे सगळ्या गोळ्या एकमेकींच्या जवळ कशा लागतील. लक्ष्य हलत नाही आणि त्याच्यावर गोळी झाडायची की नाही, हे उस्तादांनी आधीच ठरवून टाकलेले असते. नेमबाजीचा पाया घालायला ही पद्धत उत्तम आहे. मात्र सोलापुरातून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची किंवा सैन्यभरतीची तयारी करणारी मुले, केगावच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रातले प्रशिक्षणार्थी आणि सोरेगावच्या राज्य राखीव पोलीस बल गट क्रमांक १० मधले जवान यांना पुढे ज्या प्रसंगांना तोंड द्यावे लागते, त्यांत नेमापेक्षा अवघड असते ते समोरचा माणूस शस्त्रधारी आहे की नाही हे ओळखणे, आणि नसल्यास उचललेले हत्यार आवरणे.

हे आवरणे मेंदूच्या दृष्टीने स्वतंत्र काम आहे. दिवा लागताच बटण दाबायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो आणि निवडायचे पर्याय वाढले की हा वेळ वाढत जातो, हे मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये दाखवले. पुढे १९८४ मध्ये गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन यांनी असे मांडले की, कृती करण्याची आणि ती थांबवण्याची अशा दोन प्रक्रियांची मेंदूत शर्यत लागते व जी आधी संपते तिच्याप्रमाणे हात वागतो. थांबवण्याच्या प्रक्रियेलाही सुमारे पाव सेकंद लागतो आणि तिच्यात मेंदूच्या उजव्या अग्रखंडाच्या खालच्या भागाचा मोठा वाटा असतो. समोरच्याच्या हातात मोबाइल आहे हे उशिरा लक्षात आले, तर कळूनही बोट दाबले जाते. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडायला हवा हे फलंदाजाला ठाऊक असते, तरी बॅट पुढे जाते, तसेच हे आहे.

यातली खरी मेख सरावाच्या प्रमाणात आहे. प्रयोगशाळेत बहुतेक इशारे 'दाबा' असे आणि क्वचितच एखादा 'दाबू नका' असा दिला, तर त्या क्वचित इशाऱ्यावर चुका वाढतात, कारण हाताला दाबण्याची सवय जडलेली असते. प्रत्येक लक्ष्यावर गोळी झाडायला लावणारी चांदमारी नकळत हीच सवय पक्की करते. ॲडम बिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, हात रोखण्याचा संगणकीय सराव केलेल्या लोकांनी नेमबाजीच्या खेळात निरपराधांवर कमी गोळ्या झाडल्या. केवळ नजरेने शोध घेण्याचा सराव केलेल्यांत तसा फरक पडला नाही. अर्थात हा व्हिडिओ गेम होता, रणांगण नव्हे. तरीही दिशा स्पष्ट आहे.

भीती हा दुसरा घटक. नेदरलँड्समधील संशोधक नियुवेनहॉइस आणि आउदेयान्स यांच्या अभ्यासांत असे आढळले की, समोरून सरावासाठीच्या रंगीत साबणाच्या गोळ्या येण्याची धास्ती असताना पोलिसांचा नेम ढळतो, आणि धास्तावलेला पोलीस शरण येणाऱ्यावरही गोळी झाडण्याकडे अधिक झुकतो. अशाच दडपणाखाली सराव दिल्यावर मात्र नेम बराच टिकून राहिला.

तिसरा घटक अपेक्षेचा, आणि माझ्या मते तो सर्वांत घातक. ३ जुलै १९८८ रोजी पर्शियाच्या आखातात 'व्हिन्सेन्स' या अमेरिकी युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान पाडले आणि २९० जण मृत्युमुखी पडले. विमान वर चढत असल्याचे नौकेच्याच यंत्रणेत नोंदले जात होते. हल्ल्याची अपेक्षा बाळगून बसलेले काही कर्मचारी मात्र ते खाली येत असल्याचे सांगत होते. या घटनेनंतर अमेरिकी नौदलाने तणावाखालील निर्णयांवर मोठा संशोधन कार्यक्रम हाती घेतला.

म्हणूनच निर्णयाचा शक्य तेवढा भाग त्या पाव सेकंदाच्या आधी उरकून ठेवणे हे चांगल्या प्रशिक्षणाचे मर्म ठरते. बोट ट्रिगर गार्डबाहेर (ट्रिगरभोवतीच्या कड्याबाहेर) ठेवणे, आडोसा घेणे, अंतर राखणे आणि इशारा देणे यांमुळे ओळख पटवायला वेळ मिळतो. कायद्याची रचनाही याला पूरक आहे. बेकायदा जमाव पांगवण्यासाठी सशस्त्र दले बोलावली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९ नुसार अधिकाऱ्याने शक्य तितके कमी बळ वापरून कमीत कमी इजा होऊ द्यायची असते. मे १९३० मध्ये जमावावरील गोळीबार आणि पाठोपाठ आलेला मार्शल लॉ सोसलेल्या सोलापूरकरांना या तरतुदीचे मोल निराळे सांगायला नको.

छात्रांसाठी याची सुरुवात काडतुसाविना करता येते. पडद्यावर माणसांची चित्रे क्षणभर दाखवावीत, काहींच्या हाती शस्त्र असावे, काहींच्या हाती छत्री, काठी किंवा मोबाइल. निम्म्याहून अधिक चित्रे न झाडण्याची ठेवावीत, आधी धावायला लावून श्वास चढलेला असतानाच उत्तर मागावे, प्रत्येक फेरीनंतर छात्राने काय पाहून निर्णय घेतला हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे आणि योग्य वेळी रोखलेल्या बोटाला अचूक नेमाइतकेच गुण द्यावेत.