पार्श्वभूमी : वर्गातला वाद आणि ‘महत्त्व’ या शब्दाचा घोळ

इतिहासाच्या तासाला दोन ऐतिहासिक व्यक्तींपैकी महत्त्वाची कोण, यावर मुलांचा वाद घडवतात. या रीतीची मुळे जुनी आहेत. रोमन काळात वक्तृत्व शिकणाऱ्या मुलांना ऐतिहासिक पेच सोडवायला देत. इ.स.पू. २१६च्या कॅनीच्या लढाईत रोमनांना हरवल्यानंतर कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने थेट रोमवर चालून जावे का, हा त्यांतला गाजलेला विषय. दोन थोरांची तुलना हाही सराव होताच. मात्र तपासले जाई ते भाषण. इतिहास हे निमित्त.

इतिहास शिकवण्याच्या पद्धतीत खरा पालट १९७०च्या दशकात झाला. इंग्लंडमध्ये १९७२ साली सुरू झालेल्या एका शालेय प्रकल्पाने साधनांची, म्हणजे जुने वृत्तांत, कागदपत्रे अशा पुराव्यांची, छाननी हाच इतिहास विषयाचा गाभा मानला. अमेरिकेत त्याच दशकाच्या अखेरीस चौघांच्या गटाची पद्धत पुढे आली : दोन जोड्या आपापली बाजू मांडतात, मग बाजूंची अदलाबदल करतात आणि शेवटी बाजू सोडून चौघे मिळून एक निष्कर्ष लिहितात. वेळ कमी पडला की शिक्षक अदलाबदल गाळतात आणि उरते ती नुसती वकिली. आपल्या वाट्याच्या सेनापतीने केलेली कत्तलही मुले मग हिरिरीने समर्थनीय ठरवू लागतात.

या सगळ्यात सर्वाधिक नडतो तो ‘महत्त्व’ हा शब्द. कुणी त्याचा अर्थ थोरवी घेतो, कुणी प्रभाव (किती लोकांवर, किती खोल, किती काळ), तर कुणी पुढच्या पिढ्यांनी दिलेले स्थान. निकष आधी फळ्यावर लिहिले नाहीत, तर दोन्ही बाजू वेगवेगळ्याच प्रश्नांची उत्तरे देत बसतात. सिकंदर आणि सीझर ही जोडी घ्या. रोमन सेनापती सीझरच्या बाजूला गॉलच्या (मुख्यतः आजच्या फ्रान्सच्या) मोहिमांचा त्याने स्वतः लिहिलेला वृत्तांत मिळतो. सिकंदर इ.स.पू. ३२३ मध्ये वारला आणि त्याच्याविषयीचे आज हाती असलेले सलग वृत्तांत सुमारे तीनशे वर्षांनी किंवा त्याहूनही नंतर लिहिलेले आहेत. एकाकडे स्वतःची तरफदारी, दुसऱ्याकडे आता हरवलेल्या जुन्या लिखाणावर बेतलेले उशिराचे वृत्तांत. वादाचे खरे खाद्य हेच. तरी ‘मोठा कोण?’ असे विचारले की सगळा वेळ जिंकलेल्या मुलखाची मोजदाद करण्यात जातो.

शेवटी हात वर करून मत घेण्याची प्रथा अजून टिकून आहे. त्यात बहुधा जास्त चांगला बोलणारा जिंकतो. त्यापेक्षा प्रत्येकाने एक निकष, एक साधन आणि त्या साधनाची एक मर्यादा लिहून द्यावी. पाच-सहा ओळी पुरतात आणि गुण त्यांनाच द्यावेत.