शिलारसापासून लिक्विड सिमेंटपर्यंत

खानदेशातल्या बागायतदाराच्या घरी सोल्युशनचा डबा असतोच. पीव्हीसी पाइपाला कपलर बसवायचा असला की पाइपाच्या टोकाला बाहेरून आणि कपलरला आतून सोल्युशन फिरवायचं, पाइप आत दाबून हलकासा पिळा द्यायचा आणि थोडा वेळ धरून ठेवायचा. असा जोड पुढे सोडवता येत नाही, पाइपच करवतीनं कापावा लागतो. भवरलाल जैन यांनी जळगावात पीव्हीसी पाइपांचं काम सुरू केलं ते १९८० च्या सुमारास. तेव्हापासून हा जोड इथल्या दोन पिढ्यांच्या हाताखालून गेला आहे. प्लास्टिकची विमानं, जहाजं, रणगाडे जोडणारे ज्याला लिक्विड सिमेंट म्हणतात, ते या सोल्युशनच्याच कुळातलं. दोघांचं काम एकाच तत्त्वावर चालतं, पण प्रकृती फार वेगळी आहे. तो फरक कळायला थोडं मागे जावं लागतं.

मागे म्हणजे १८३९ सालच्या बर्लिनमध्ये. तिथल्या एदुआर्द सिमोन नावाच्या औषधविक्रेत्यानं शिलारसाचं ऊर्ध्वपातन केलं. शिलारस आपल्याला परका नाही. आयुर्वेदात त्याला सिल्हक म्हणतात, धुपात आणि सुगंधी तेलांत तो पडतो. तुर्कस्तानाकडच्या एका झाडाचा हा चीक. सिमोनला त्यातून एक तेलासारखा द्रव मिळाला, त्याला त्यानं स्टायरॉल नाव दिलं. काही दिवसांनी पाहतो तर तो द्रव घट्ट होऊन बसलेला. आपल्या हाती काय लागलंय हे त्याला कळणं शक्यच नव्हतं. असे पदार्थ म्हणजे छोट्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी मांडलं ते १९२० मध्ये, आणि त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं १९५३ मध्ये. दरम्यान १९३० च्या आसपास जर्मनीत त्या घट्ट झालेल्या पदार्थाचं, म्हणजे पॉलिस्टायरीनचं, कारखान्यातलं उत्पादन सुरूही झालं होतं. आज मॉडेलच्या खोक्यात सुट्या भागांची जी करडी चौकट निघते ती याच पॉलिस्टायरीनची.

साखळ्यांची ही गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे, कारण सिमेंटचं सगळं काम तिच्यावर चालतं. बाभळीचा डिंक लावून पतंगाचा कागद चिकटवतो तेव्हा दोन कागदांच्या मध्ये डिंकाचा तिसरा थर बसतो आणि तोच त्यांना धरून ठेवतो. लिक्विड सिमेंटमध्ये बहुधा असा तिसरा पदार्थ उरतच नाही. त्यातला द्रव प्लास्टिकचा वरचा पातळ थर मऊ करतो, दोन्ही बाजूंच्या साखळ्या मोकळ्या होऊन एकमेकींत शिरतात आणि द्रव उडून गेला की तशाच गुंतलेल्या राहतात. म्हणून त्याला गोंद म्हणणं मला पटत नाही. धातूकामातल्या वेल्डिंगला ते जास्त जवळचं आहे.

पहिली प्लास्टिक मॉडेलं मात्र पॉलिस्टायरीनची नव्हती. इंग्लंडमध्ये १९३६ मध्ये फ्रॉग कंपनीनं १:७२ मापाची विमानं सुट्या भागांत विकायला काढली, ती सेल्युलोज अ‍ॅसिटेटची. या मालिकेचं नाव पेंग्विन, कारण ही विमानं उडत नसत. अ‍ॅसिटेटचा दोष असा की काळ गेला की ते वाकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर एअरफिक्स या क्षेत्रात उतरली. हंगेरीहून आलेल्या निकोलस कोव्ह यांनी १९३९ मध्ये ती काढली होती, सुरुवातीला हवा भरायची रबरी खेळणी बनवायला. १९४९ मध्ये त्यांनी फर्ग्युसन ट्रॅक्टरचं मॉडेल केलं. ट्रॅक्टर कंपनीच्या विक्रेत्यांना दाखवायला म्हणून केलेली ती वस्तू पुढे सुट्या भागांत दुकानात आली. त्यानंतर काही वर्षांतच इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकच्या ‘गोल्डन हिंद’ जहाजाचं मॉडेल पॉलिस्टायरीनमध्ये निघालं. दोन शिलिंगांत विकता यावं म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्याऐवजी ते प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं असे. जपानमध्ये शिझुओकाच्या तामिया या लाकूड व्यवसायातून आलेल्या कंपनीनं १९६० मध्ये यामातो युद्धनौकेपासून प्लास्टिकची मॉडेलं सुरू केली. पॉलिस्टायरीन वाकत नाही, साच्यात बारीक रेघही उमटवतं आणि साध्या द्रावकांत सहज विरघळतं. सिमेंटच्या दृष्टीनं यातला तिसरा गुण मोलाचा.

मॉडेल करणाऱ्या पोरांच्या हाती बराच काळ होती ती घट्ट सिमेंटची ट्यूब. द्रावकात घट्टपणासाठी थोडं प्लास्टिकच विरघळवलेलं, त्यामुळे तार सुटायची, बोटाला लागायची आणि विमानाच्या पंखावर ठसा उमटायचा. अमेरिकेत १९६० च्या दशकात या ट्यूबमधल्या टोल्युइन या द्रावकाचा वास नशेसाठी ओढण्याचं वेड पसरलं. ते थांबावं म्हणून टेस्टर कंपनीनं १९६९ मध्ये आपल्या सिमेंटमध्ये मोहरीतलं झोंबणारं द्रव्य घातलं, म्हणजे हुंगलं की नाकाडोळ्यांतून पाणी. मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तूची अशी काळजी घेतली गेली याचं मला आजही बरं वाटतं. आपणही ही बाटली उघडायची ती खिडकीपाशी, आणि गॅसच्या शेगडीपासून लांब.

ट्यूबच्या बरोबरीनं पातळ सिमेंट आलं आणि काम करण्याची पद्धतच उलटी झाली. ट्यूबच्या काळात आधी लावायचं आणि मग जोडायचं. पातळ सिमेंटला आधी जोडायचं आणि मग लावायचं. दोन भाग कोरडेच जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक सांध्याच्या एका ठिकाणी टेकवायचं. द्रव आपोआप फटीतून पुढे धावतो. सराफ बाजारात सोनार दागिना झाळतो तेव्हा वितळलेलं झाळण जसं भेगेत ओढलं जातं, अगदी तसं. ही केशाकर्षणाची करामत पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी ब्रश हातात धरून नुसता बघत राहिलो होतो. आठ-दहा सेकंदांनी सांधा हलकेच दाबला की मऊ झालेल्या प्लास्टिकची दोऱ्याएवढी बारीक कड वर येते. ती पुसायची नाही. एक दिवस जाऊ द्यायचा, मग पॉलिश पेपरनं घासली की सांधा कुठे होता ते कळत नाही. घाई केली तर आत राहिलेला द्रव नंतर उडतो आणि त्या रेषेवर खळगी पडते.

आता निवडीचं बोलू, कारण इथे खानदेशचा उन्हाळा मध्ये येतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो. पातळ सिमेंटं बनतात ती अ‍ॅसिटोन, ब्युटानोन, ब्युटाइल अ‍ॅसिटेट अशा द्रवांपासून. अ‍ॅसिटोन ५६ अंशांना उकळतं, ब्युटानोन ८० ला, ब्युटाइल अ‍ॅसिटेट १२६ ला. काही जलद सिमेंटांत डायक्लोरोमिथेन असतं, ते तर ४० अंशांलाच उकळतं. आपल्याकडच्या दुपारी तशी बाटली उघडली की ब्रश सांध्यापर्यंत पोचण्याआधीच कोरडा होतो, आणि खोलीभर होणारी वाफ छातीला वाईट. थंड देशातल्या शिफारशी वाचून जलद सुकणारं सिमेंट मागवणाऱ्यांची इथे निराशा होते ती त्यामुळेच. माझं मत असं, की मार्च ते जून या काळात ब्युटाइल अ‍ॅसिटेट असलेलं साधं पातळ सिमेंट घ्यावं आणि काम सकाळी उरकावं. मोठे भाग जोडायचे असतील तर संत्र्याच्या सालीतल्या लिमोनिनचं सिमेंट चांगलं. ते १७६ अंशांना उकळतं, त्यामुळे भाग सरळ करायला भरपूर वेळ देतं. जलद सिमेंट थंडीसाठी राखावं.

फेव्हिक्विक प्रत्येक टपरीवर मिळतं म्हणून पुष्कळ जण त्यानंच मॉडेल जोडतात. ते हवेतल्या ओलाव्यानं पक्कं होतं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्याला वेळ लागतो, आणि झालेला सांधा काचेसारखा ठिसूळ असतो, झटक्यानं सुटतो. शिवाय पारदर्शक भागांवर त्याची पांढुरकी धूळ बसते. कॉकपिटच्या काचेला साधा फेव्हिकॉल लावावा, ओल्या फडक्यानं पुसताही येतो.

पाइपाचं सोल्युशन मी स्वतः वापरून पाहिलंय, शाळेत असताना. ओझरच्या कारखान्यात बनायचं त्या मिग-२१ चं मॉडेल होतं, सिमेंट संपलं होतं आणि शेतातल्या खोलीत डबा होता. सोल्युशनमध्ये टेट्राहायड्रोफ्युरान आणि ब्युटानोनसारखे जबर द्रावक असतात, वर पीव्हीसीचा घट्ट लगदा. पाइपाची भिंत ते पचवते. विमानाचा पंख जेमतेम दीड मिलिमीटर. पाच मिनिटांत तो पापडासारखा वळला. तेव्हा मला वाटलं प्लास्टिकच हलकं होतं.

सगळं प्लास्टिक असं विरघळतही नाही. जळगावच्या एमआयडीसीत विणल्या जाणाऱ्या चटया पॉलिप्रॉपिलिनच्या, ठिबकच्या काळ्या नळ्या पॉलिथिलीनच्या. या दोन्हींवर मॉडेलचं सिमेंट पाण्यासारखं ओघळून जातं. म्हणून ठिबकच्या नळीला जॉइनर दाबून बसवतात, सोल्युशन कोणी लावत नाही. मॉडेलच्या खोक्यातली रणगाड्याची मऊ पट्टी सिमेंटनं जुळत नसेल तर बहुधा कारण हेच. रंगवलेल्या किंवा चकचकीत मुलामा दिलेल्या भागांवरही ते लागत नाही. सांध्याच्या जागेपुरता थर ब्लेडनं खरवडून घ्यावा लागतो.

आणि तो वास. प्लास्टिक मॉडेलं येण्याआधी लाकडी-कागदी विमानांच्या लाखेत अमाइल अ‍ॅसिटेट वापरायचे, त्याला इंग्रज कारागीर केळ्याचं तेल म्हणत. आजच्या सिमेंटमधलं ब्युटाइल अ‍ॅसिटेट त्याचंच भावंड, पिकल्या केळ्यातही ते थोडंसं असतं. आमच्या घरी मी बाटलीचं झाकण फिरवलं की आजी आतून विचारायची, “केळी कुठली पिकली रे?” आणि उठून माळ्यावरचे घड चाचपून यायची.