डेटाबेसचे आकडे कुणी मोजायचे?

एप्रिल १९८५ मध्ये ‘डेटामेशन’ या नियतकालिकात एक लेख छापून आला. लेखकाच्या जागी ‘अनामिक आणि इतर’ एवढंच होतं. टँडम या संगणक कंपनीतले जिम ग्रे यांनी दोन डझन जाणकारांना सोबत घेऊन तो तयार केला होता. डेटाबेस मोजायला त्यांनी बँकेतला अगदी साधा व्यवहार निवडला: खात्यात रक्कम जमा किंवा वजा करायची, टेलरची (म्हणजे काउंटरवरच्या रोखपालाची) आणि शाखेची शिल्लक बदलायची आणि नोंद ठेवायची. असे व्यवहार सेकंदाला किती होतात ते मोजायचं. अट अशी की शंभरातले पंच्याण्णव व्यवहार एका सेकंदाच्या आत पुरे झाले पाहिजेत. शिवाय यंत्रणेचा पाच वर्षांचा खर्चही आकड्यासोबत सांगायचा. आज वेबसाईट चालवणारे सर्व्हरची तुलना करताना जे विचारतात, ते जवळपास सगळं यात आलं होतं. वेबसाईट हा प्रकार मात्र अजून जन्माला यायचा होता.

कंपन्यांनी या चाचणीतला सोयीचा भाग तेवढा उचलला. टर्मिनल आणि नेटवर्क वगळून नुसत्या डेटाबेसवर व्यवहारांचा मारा करायचा आणि येईल तो फुगलेला आकडा जाहिरातीत टाकायचा. हा गोंधळ आवरायला ऑगस्ट १९८८ मध्ये ओम्री सर्लिन यांच्या पुढाकाराने आठ कंपन्यांनी टीपीसी (ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग परफॉर्मन्स कौन्सिल) ही परिषद स्थापन केली. १९८९ मध्ये तिची पहिली चाचणी आली आणि १९९२ मध्ये टीपीसी-सी. गोदाम, ऑर्डर, बिल असं कामाचं मिश्रण असलेली ही चाचणी पुढे वर्षानुवर्षं प्रमाण मानली गेली. निकालाची तपासणी झाली पाहिजे, किंमत जाहीर केली पाहिजे, असे नियम आले. तरी पळवाटा निघाल्याच. फक्त चाचणीत चमकावं म्हणून उत्पादनात खास सोयी घातल्याचे आरोप झाले, तेव्हा परिषदेला तशा सोयींवर स्पष्ट बंदी घालावी लागली.

विद्यापीठातल्या माणसांचा अनुभव याहून कडू होता. विस्कॉन्सिन विद्यापीठात डेव्हिड डेविट आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये स्वतःची चाचणी तयार करून उत्पादनांचे निकाल नावानिशी छापले. डेटाबेस विकणाऱ्या ओरॅकलचे आकडे चांगले आले नाहीत आणि कंपनीचे प्रमुख लॅरी एलिसन भडकले. त्यानंतर परवान्याच्या करारात एक कलम आलं: आमच्या परवानगीशिवाय चाचणीचे निकाल प्रसिद्ध करायचे नाहीत. इतर विक्रेत्यांनीही ते उचललं आणि ‘डेविट कलम’ हे नाव त्याला कायमचं चिकटलं. पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर किती मंद चालतं हे चारचौघांत सांगायचीही सोय राहिली नाही.

म्हणूनच १९९५ मध्ये आलेलं मायएसक्यूएल आणि पुढच्या वर्षी आजचं नाव घेतलेलं पोस्टग्रेसक्यूएल या मुक्त डेटाबेसचं महत्त्व फुकट मिळण्यापुरतं नव्हतं. त्यांचे आकडे कुणीही छापावेत, कुणी अडवणारं नव्हतं. आणि छापले गेलेही, धो धो. त्यांतल्या बऱ्याच आकड्यांना काडीचा अर्थ नव्हता, हे सांगायला हवं. मायएसक्यूएलचा मायआयसॅम हा साठवणुकीचा जुना प्रकार लिहिताना अख्ख्या टेबलला कुलूप लावायचा. एकच जण वाचत असेल तर तो सुसाट. पन्नास जण एकदम लिहायला लागले की रांग. चाचणी घेणारा बहुतेकदा एकटाच वाचत असायचा. पुढे क्वेरी कॅशे, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचं (क्वेरीचं) उत्तर साठवून ठेवणारी सोय आली, तेव्हा तीच क्वेरी हजार वेळा चालवून आलेला आकडा लोक ‘वेग’ म्हणून मिरवू लागले. खऱ्या वर्दळीत ती कॅशेच अडथळा ठरायची, आणि मायएसक्यूएलच्या ८.० आवृत्तीत ती काढून टाकली गेली. शिवाय कमिट झालेला, म्हणजे पक्का झाला असं डेटाबेसने सांगितलेला व्यवहार डिस्कवर खरोखर उतरतो की नाही, हे एका सेटिंगवर ठरतं. एकाने ते सैल ठेवलेलं आणि दुसऱ्याने घट्ट, तर दोघांच्या आकड्यांची तुलना करण्यात काही राम नाही. २००४ मध्ये आलेल्या सिसबेंच या चाचणीमुळे निदान सगळ्यांच्या हाती एकच साधन आलं.

अपटाइमची गोष्ट थोडी गमतीची आहे. त्या काळात सर्व्हर किती दिवस रीस्टार्ट न करता चालला, यावर अक्षरशः चढाओढ चालायची. इंटरनेटवरच्या सर्व्हरची पाहणी करणाऱ्या नेटक्राफ्ट कंपनीने दूरवरून तो काळ ओळखून याद्या लावायला सुरुवात केली. वरच्या जागा बहुधा बीएसडी घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमनी अडवलेल्या असत. तेव्हाच्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिममध्ये वेळ मोजणारा बत्तीस बिटांचा काउंटर सेकंदाला शंभर टिचक्या मोजायचा. तो ४९७ दिवसांनी भरून पुन्हा शून्यावर यायचा, त्यामुळे त्याहून जास्त दिवस चाललेला लिनक्स यादीत दिसणंच शक्य नव्हतं. आणि इतके दिवस रीस्टार्ट नाही म्हणजे कर्नलचे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे) सुरक्षा पॅचही बहुधा लावलेले नाहीत. मिरवायचं नेमकं काय, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारत नव्हता.

जून १९९९ मध्ये ईबे ही लिलावाची वेबसाईट सुमारे बावीस तास बंद पडली, आणि डेटाबेस बसला की अख्खा धंदा बसतो हे साऱ्या जगाने पाहिलं. यानंतर मशीन किती दिवस चालू आहे यापेक्षा साईट वर्षातून किती वेळ मिळते, याकडे लक्ष वळू लागलं. टक्केवारीची भाषा इथे फसवी ठरते. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद. ९९.९९ म्हणजे साधारण त्रेपन्न मिनिटं. आणि ९९.९ टक्के वेळ चालणारे दोन भाग (समजा सर्व्हर आणि डेटाबेस) एकामागे एक जोडले, तर हाती ९९.८ उरतात. होस्टिंग कंपनीचं आश्वासन आणि आपल्या साईटचा खरा हिशेब यांतला फरक पुष्कळदा इथेच असतो.

सर्व्हर का पडतो, याचं उत्तरही जिम ग्रे यांनी त्याच १९८५ साली दिलं होतं. टँडमच्या ग्राहकांकडून आलेल्या बिघाडांची त्यांनी छाननी केली. ४२ टक्के बिघाड यंत्रणा सांभाळणाऱ्यांच्या कामातून झाले होते, २५ टक्के सॉफ्टवेअरमुळे आणि हार्डवेअरमुळे अवघे १८ टक्के. तरीही पुढची कितीतरी वर्षं तुलना प्रोसेसर आणि डिस्कचीच होत राहिली.

२००७ मध्ये ॲमेझॉनने डायनॅमो या आपल्या डेटाबेसविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात सरासरी वेगाला फारशी किंमतच दिली नव्हती. हजारातल्या ९९९ विनंत्यांना ३०० मिलिसेकंदांत उत्तर, अशा स्वरूपाची हमी तिथे उदाहरणादाखल होती. सरासरी छान दिसत असताना सर्वाधिक खरेदी करणारा, म्हणजेच सर्वाधिक नोंदी असलेला ग्राहक ताटकळत असू शकतो, हे त्यामागचं कारण. तेव्हापासून ‘पी९९ किती?’, म्हणजे शंभरातल्या ९९ विनंत्या किती वेळात पुऱ्या होतात, हा प्रश्न रूढ झाला. २०१० मध्ये याहूच्या संशोधकांनी वायसीएसबी ही चाचणी आणली, ती अनेक मशीनवर पसरलेल्या नव्या पद्धतीच्या डेटाबेससाठी. २०१३ पासून काइल किंग्सबरी यांच्या जेप्सन चाचण्यांनी वेग बाजूला ठेवून वेगळंच विचारलं: नेटवर्क मध्येच तुटलं तर तुमचा डेटा शाबूत राहतो का? अनेक नावाजलेल्या उत्पादनांना नाही म्हणावं लागलं.

सगळ्यात उपयोगाची तुलना मात्र माझ्या मते कोणत्याच बेंचमार्क चाचणीमधून आलेली नाही. ती साईट चालवणाऱ्यांनी स्वतःच्या फजितीचे अहवाल उघडपणे लिहिले त्यातून आली. ३१ जानेवारी २०१७ ला प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅबमध्ये चुकीच्या सर्व्हरवर डेटा पुसला गेला. बॅकअपचे एकामागून एक मार्ग निकामी निघाले आणि सुमारे सहा तासांचा डेटा गेला. दुरुस्तीचं काम त्यांनी थेट प्रक्षेपण करून दाखवलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये तशाच गिटहबचं नेटवर्क ४३ सेकंद तुटलं. तेवढ्यात मायएसक्यूएलचं आपोआप फेलओव्हर झालं (मुख्य सर्व्हरची जागा दुसऱ्याने घेतली), अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवरच्या डेटा सेंटरमध्ये एकमेकांकडे नसलेल्या नोंदी जमल्या आणि सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. कोणत्याही वेगचाचणीत हा आकडा सापडला नसता.

डेविट कलम अजून गेलेलं नाही. काही क्लाउड कंपन्यांनी ते सैल केलंय: आमच्या सेवेचे आकडे खुशाल छापा, पण मग तुमच्या उत्पादनाची चाचणी घेऊन निकाल छापायची मुभा आम्हालाही द्या.