रस्त्याकडेचा बर्फ आणि खरी हिमनदी

मे महिना निम्मा सरला की इंदूरच्या मराठी घरांत चारधामचे फोटो फिरू लागतात. रामबागेतल्या एखाद्या काकू केदारनाथच्या वाटेवर कापलेल्या दोन पांढऱ्या भिंतींच्या मधोमध उभ्या, हातात काठी, अंगावर प्लॅस्टिकचा रेनकोट आणि खाली ओळ: ‘ग्लेशियरमध्ये आम्ही.’ यात काकूंचा काही दोष नाही. घोडेवाला तेच सांगतो, ड्रायव्हर तेच सांगतो, सकाळचा हिंदी पेपरही ‘ग्लेशियर काटकर रास्ता बनाया’ असंच छापतो. पण ती भिंत बहुतेक वेळा त्याच हिवाळ्यात पडलेल्या आणि वरच्या नाळेतून घसरून खाली साचलेल्या हिमाची असते. पावसाळ्यात त्याच वळणावर गेलात तर तिथे चिखल आणि गवत सापडेल.

खरी हिमनदी काकूंना गोमुखाला दिसेल, आणि बहुधा पसंत पडणार नाही. सुमारे तीस किलोमीटर लांबीच्या गंगोत्री हिमनदीचं हे खालचं टोक करडं, मळकट, दगडगोट्यांनी झाकलेलं आहे. खडी उतरवून ठेवलेल्या एखाद्या साइटसारखं. बर्फ फक्त तुटलेल्या कड्यावर दिसतो, कुठे निळसर, कुठे राखेच्या रंगाचा, आणि त्याच्या पायथ्यातून गढूळ भागीरथी उसळत बाहेर पडते. डोंगरात डोळ्यांवर भरवसा ठेवायचाच असेल तर उलटा ठेवावा. खालच्या उंचीवर जे पांढरंशुभ्र, ते बहुधा यंदाचं. जे काळपट, ते जुनं.

दोघांची सुरुवात सारखीच, आकाशातून पडणाऱ्या भुरभुरीत हिमापासून. ताज्या हिमात हवाच जास्त. एका घनमीटरचं वजन बऱ्याचदा शंभर किलोही भरत नाही. फरक पडतो तो उन्हाळ्यात. जिथे उन्हाळा सगळं हिम वितळवून टाकतो तिथे गोष्ट दरवर्षी शून्यावर येते. जिथे थोडं शिल्लक राहतं, तिथे त्यावर पुढच्या वर्षीचा थर चढतो, त्यावर त्याच्या पुढचा. सराफ्यातला गोळेवाला किसलेला बर्फ काडीभोवती मुठीत आवळतो, तेव्हा भुसा गच्च होतो. इथे ती मूठ म्हणजे वरच्या थरांचं वजन. एक उन्हाळा निभावून गेलेल्या दाणेदार हिमाला फर्न म्हणतात. ते दाबलं जाऊन हवेच्या वाटा बंद झाल्या, बुडबुडे आत कोंडले गेले, की झाला हिमनदीचा बर्फ. आता त्याच घनमीटरचं वजन ८३० किलोच्या पुढे, ९१७ पर्यंत जातं. जिथे हिम मधूनमधून वितळून पुन्हा गोठतं तिथे हे काम काही वर्षांत किंवा दशकांत उरकतं. अंटार्क्टिकाच्या कोरड्या थंडीत शतकं लागतात.

केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या थोडं वर. त्या भागात हिमाला उन्हाळा पार करायचा तर साधारण पाच हजार मीटरच्या आसपास किंवा त्याहून वर असावं लागतं. मग चार हजार मीटरवरच्या गोमुखाला एवढा बर्फ कसा? तो तिथे पडलेलाच नाही. तो वरून चालत आलाय.

या चालण्यातच दोघांचा खरा फरक आहे. रस्त्याकडेचं हिम हलतं ते एकदाच. उतारावरचा थर निसटला की ताशी शंभर किलोमीटरच्या वरही वेग गाठतो, काही क्षणांत खाली येतो आणि तिथेच मरून पडतो. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळ माणा गावापाशी रस्त्याच्या कामावरचे ५४ मजूर अशाच हिमस्खलनात सापडले, त्यातले आठ दगावले. बातम्यांत त्या दिवशीही ‘ग्लेशियर फुटला’ होतंच. हिमनदी अशी फुटत नाही. तिच्या पुढ्यात साचलेल्या तळ्याचा बांध फुटू शकतो, तिचा एखादा लटकता तुकडा तुटू शकतो, पण ती स्वतः वाहते, आणि तेही इतकं सावकाश की समोर बसून कळणार नाही. हिमालयात बहुतेक ठिकाणी वर्षाला काही मीटर ते काही डझन मीटर.

घट्ट बर्फ वाहतो कसा? जाडी तीस-पन्नास मीटरच्या पुढे गेली की स्वतःच्याच वजनाखाली बर्फाचे स्फटिक हळूहळू रूप बदलतात, आणि सगळा गोळा न तुटता उताराकडे सरकतो. शिवाय तळाशी वितळलेलं पाणी असेल तर त्यावरून घसरणंही होतं. वरचा थर मात्र ठिसूळच राहतो. खालचा भाग ओढतो, वरचा तडकतो, म्हणून त्या जीवघेण्या भेगा.

या सावकाश चालीचा एक पुरावा आपल्या देशाशी जोडलेला आहे. २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ विमान आल्प्समध्ये माँ ब्लाँवर कोसळलं. विमानातले सगळे ११७ जण गेले; त्यांत डॉ. होमी भाभा होते. अवशेष वरच्या हिमात गाडले गेले. तिथून खाली उतरणाऱ्या बोसाँ हिमनदीने ते गिळले आणि आपल्या चालीने खाली आणले. २०१२ मध्ये त्याच विमानातली राजनैतिक टपालाची थैली सापडली. २०२० मध्ये हिमनदीच्या खालच्या भागात जानेवारी १९६६ ची भारतीय वर्तमानपत्रं निघाली, इंदिरा गांधींच्या निवडीचे मथळे अजून वाचता येतील अशी. रस्त्याकडेच्या हिमात हरवलेली वस्तू फार तर जूनमध्ये तिथल्या तिथे सापडते. चौपन्न वर्षांनी, कितीतरी खाली, ती फक्त हिमनदीच परत देते.

जमिनीवर उमटणारी खूणही वेगळी. हिमस्खलन झाडं मोडतं, डोंगराच्या अंगावर एक उघडी पट्टी ठेवून जातं, आणि बस्स. हिमनदी तळाचे खडक उपटते, ते पोटाशी धरून खालच्या खडकावर घासत नेते. त्यातून तासलेल्या, सपाट बुडाच्या रुंद दऱ्या होतात, खडकांवर समांतर ओरखडे राहतात, कडेला आणि टोकाशी दगडमातीचे बांध, म्हणजे मोरेन, साचतात. गोमुखाच्या वाटेवर भोजबासला दरीचा तळ एकाएकी ऐसपैस होतो तो यामुळेच. आता जरा आडवळण: हे ओरखडे पाहायला हिमालयातच जावं लागतं असं नाही. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी आपला भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता. त्या काळच्या हिमनद्यांनी टाकलेले, ‘तालचीर’ नावाच्या थरातले दगडगोटे सातपुड्याच्या कोळसा-पट्ट्याच्या तळाशी आहेत, आणि चंद्रपूर भागात इरईजवळ हिमनदीने घासून गुळगुळीत केलेला खडक आहे. पचमढीला जाणाऱ्या इंदूरकरांना हे कोणी सांगत नाही याचं मला नेहमी नवल वाटतं.

तापमान वाढलं की दोघं काय करतात, इथे घोळ सर्वांत जास्त. हिमाचा थर त्या-त्या वर्षाचं बोलतो. यंदा कमी पडला, पुढच्या वर्षी कमरेइतका पडू शकतो. हिमनदी दशकांचं बोलते. दरवर्षी वरच्या भागात जमा होतं, खालच्या भागात वितळतं. उन्हाळ्याच्या शेवटी या दोन्हींची वजाबाकी करतात. हिमाचलातल्या लाहौलमधल्या छोटा शिग्री हिमनदीवर हे काम २००२ पासून चालू आहे. पद्धत आपल्याला आवडेल अशी साधी आहे: बर्फात वाफेने खोल भोक पाडायचं, त्यात बांबू रोवायचा आणि वर्षाने येऊन पाहायचं की किती बांबू उघडा पडला. तिथे सरासरी वर्षाला साधारण अर्धा मीटर पाण्याच्या थराइतकी तूट येते. हिंदुकुश-हिमालयाच्या सगळ्या पट्ट्यात २०११ ते २०२० या दशकात हिमनद्यांची घट आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के वेगाने झाल्याचं इसिमोड या काठमांडूच्या पर्वत-अभ्यास संस्थेच्या २०२३ च्या अहवालात आहे.

‘हिमनदी मागे सरकतेय’ हे वाचून ती उलटी चालते असा समज होतो. बर्फ खालीच येत असतो. तो येतो त्यापेक्षा टोक लवकर वितळतं, एवढंच. गंगोत्रीचं टोक १९३५ पासून मोजलं जातंय आणि तेव्हापासून ते एक किलोमीटरहून बरंच अधिक मागे गेलंय. तिथल्या दगडगोट्यांची भूमिकाही दुहेरी: धुळीचा पातळ थर ऊन शोषून वितळणं वाढवतो, जाड थर उलट पांघरुणासारखा बर्फाला ऊन लागू देत नाही. म्हणून मळकट टोक कधीकधी जागेवर टिकल्यासारखं दिसतं आणि आतल्या आत पातळ होत राहतं. नुसतं टोक पाहून हिमनदीची तब्येत सांगणं मला म्हणूनच पटत नाही.

नदीला मिळणारं पाणीही वेगवेगळ्या वेळचं. हंगामी हिम मुख्यतः एप्रिल ते जूनमध्ये उतरतं; हिमनदीचा बर्फ, वरचं पांढरं आवरण गेल्यावर, जुलै ते सप्टेंबरमध्ये. जलूदहून उपसून आपल्या इंदूरच्या नळाला येणाऱ्या नर्मदेत या दोन्हींतलं काहीच नाही. तिचा सारा हिशेब पावसाचा आणि जमिनीत मुरलेल्या पाण्याचा.

आणि दर हिवाळ्यातली ती बातमी, ‘भारी बर्फबारी से ग्लेशियर रीचार्ज’? अगदीच खोटी नाही. ताजं हिम ऊन ऐंशी-नव्वद टक्के परतवतं, उघडा बर्फ तीस-चाळीसच. त्यामुळे उशिरापर्यंत टिकलेलं पांढरं आवरण खालचा बर्फ वाचवतं. पण मध्य आणि पूर्व हिमालयातल्या बऱ्याच हिमनद्यांची भर पडते ती मोसमी पावसाच्या महिन्यांत, वर हिम पडतं तेव्हा. हवा थोडी तापली की तिथे हिमाऐवजी पाऊस पडतो: भर तर पडत नाहीच, पांढरं आवरणही जातं. तेव्हा औलीला फेब्रुवारीत किती फूट पडला यापेक्षा ऑगस्टमध्ये पाच हजार मीटरवर पाणी पडलं की हिम, ही बातमी जास्त कामाची. ती छापून मात्र क्वचितच येते.