बॉक्समधला आकडा हा आकडा नसतो (फोन करायच्या आधी एवढं वाचा)

आमच्याकडून आरवर (R, आकडेमोडीची संगणक भाषा) चालणाऱ्या, स्क्रीनवरच्या खिडक्या करून घेतलेल्या लॅबवाल्यांसाठी, आणि नंतर त्यात स्वतः हात घालणाऱ्यांसाठी, हे पत्रक आहे. हात घाला, आमची ना नाही, कोड आम्ही कधी लपवून देत नाही. पण दर सीझनला एक फोन हमखास येतो, "तुमचं सॉफ्टवेअर चांगला माल नापास करतंय", आणि कारण दरवेळी तेच निघतं.

मागच्या सीझनचं सांगतो. सोयाबीनचा ओलावा तपासायची खिडकी, मर्यादा लावलेली 12 टक्के, वर गेला की लाल. सुरुवातीला ओला माल येत होता, 14, 16, मधेच एखादा 11.2, सगळे निकाल बरोबर. मग ऊन पडलं, वाळलेला माल यायला लागला आणि 9.5 चा नमुना लाल, 8.9 चा पण लाल! त्यांनी आधी मीटरवर संशय घेतला, मग शेतकऱ्यांशी वाद, मग आम्हाला फोन, आणि आमचा माणूस दोन दिवस तिकडे. निघालं काय, तर तिथल्या मुलाने एक जादा बॉक्स (आकडा टाइप करायची चौकट) टाकला होता आणि त्यातली किंमत सरळ 12 शी ताडली होती.

आता हे असं का होतं. आरसोबतच टीसीएलटीके नावाचं पॅकेज येतं, पीटर डालगार्ड यांनी केलेलं, ते आरला टिकल या भाषेशी जोडतं (उच्चार टिकलच, टिकलीशी संबंध नाही) आणि खिडकी, बटणं, बॉक्स हे सगळं टिकलसोबतचं टीके काढून देतं. टिकल 1988 मध्ये जॉन ऑस्टरहाउट यांनी बर्कलीत लिहायला घेतली तेव्हापासून तिचा खाक्या एकच, सगळं काही मजकूर. म्हणून टीसीएलव्हॅल्यू या फंक्शनने बॉक्समधून जे हातात येतं ते "9.5" हे अक्षरं म्हणून येतं, आणि आर त्याची तुलना करताना तुमच्या 12 चीसुद्धा अक्षरंच करून टाकतं. मग डिक्शनरीसारखं पहिलं अक्षर बघायचं, 9 मोठा की 1? 9 मोठा, माल नापास. दोन आकडी ओलावा असताना हे योगायोगाने बरोबर येतं म्हणून महिनाभर कुणाला पत्ताच लागत नाही. बेरीज केली असती तर आरने लगेच एरर दिली असती, तुलनेत ते गप्प बसतं, आणि हीच खरी डोकेदुखी.

उपाय एका ओळीचा: टीसीएलव्हॅल्यूला अ‍ॅज डॉट न्युमरिकमध्ये (मजकुराचा आकडा करणारं आरचं फंक्शन) गुंडाळा, आणि लगेच इज डॉट एनएने आकडा खरंच झाला का ते तपासा. दुसरं पाऊल गाळू नका, कारण बॉक्स रिकामा ठेवला, 1,250 असा स्वल्पविराम टाकला किंवा मराठी कीबोर्डवरून ९.५ टाइप केलं तर एनए, म्हणजे 'आकडा नाही', येतो (आपल्याकडे हे तिसरं सगळ्यात जास्त होतं).

बाकीचे दोन फोन पटकन सांगतो. डबल क्लिकवर खिडकी लुकलुकून बंद होते, कारण स्क्रिप्ट संपली की आरही संपतं, शेवटी टीकेवेट डॉट विंडो (खिडकी बंद होईपर्यंत थांबायला सांगणारी आज्ञा) लावा. मॅकवर खिडकीच येत नसेल तर आधी एक्सक्वार्ट्झ (अशा खिडक्यांसाठी मॅकवर लागणारं वेगळं सॉफ्टवेअर) टाकलंय का बघा, विंडोजवर वेगळं काही लागत नाही.

"खिडकी जुनाट दिसते, शायनीमध्ये का नाही करून देत?" असंही विचारतात (शायनी म्हणजे ब्राउझरमध्ये दिसणारी पानं करायचं आरचं पॅकेज). देतो की, मागाल तर. पण ज्या लॅबच्या पीसीवर नेट नाही तिथे शायनीची पॅकेजं चढवत बसण्यापेक्षा आरसोबत आलेलं वापरणं आम्हाला सोपं वाटतं, जॉन फॉक्स यांचं आर कमांडर (आर मेन्यू-बटणांनी चालवायची तयार खिडकी) हेही याच टीसीएलटीकेवर उभं आहे. आणि दिसण्याचंच म्हणाल तर टीटीकेची (टीकेचाच नवा, नीटनेटका संच) बटणं लावून आम्ही ते बरंच सुधारून देतो.

आमच्या प्रत्येक खिडकीत आकडा तपासायचं एक छोटं फंक्शन आधीच असतं, नवीन बॉक्स टाकलात तर तेच बोलवा, वेगळे पैसे नाहीत. वार्षिक देखभाल घेतलेल्यांचा बदललेला कोड आम्ही सीझनच्या आधी एकदा वाचून देतो. बाकीच्यांना व्हिजिटचा चार्ज पडेल, म्हणून आधी बॉक्समध्ये 9 टाकून बघा, लाल झालं तर बदललेली फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, खिडकीचा फोटो नको, त्यातून काही कळत नाही.