थकवा रक्ताचा की थायरॉइडचा?

सकाळी उठल्यापासून अंगात त्राण नसते, केस विंचरताना पुंजके हातात येतात, इतरांना उकडत असताना आपल्याला गारठा जाणवतो आणि कामात लक्ष लागत नाही, अशी तक्रार एखाद्या बाईने केली की ऐकणाऱ्यांपैकी एक जण ‘रक्त कमी असेल’ म्हणतो आणि दुसरा ‘थायरॉइड तपासून घे’ असे सुचवतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते, कारण लोहाच्या कमतरतेमुळे होणारा रक्तक्षय आणि थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावणे या दोन्हींची सुरुवात बहुधा याच तक्रारींनी होते. घोटाळा होतो तो पुढे, तपासणी न करताच उपाय सुरू केल्यावर.

लोह कमी पडले की हिमोग्लोबिन पुरेसे तयार होत नाही आणि पेशींना प्राणवायू अपुरा मिळतो. ती उणीव भरून काढण्यासाठी हृदय जोराने धावते. थायरॉइड मंदावते तेव्हा प्राणवायूची टंचाई नसते, पण पेशींच्या कामाचा वेग ठरवणारे संप्रेरकच कमी पडल्याने सगळे शरीर सावकाश चालू लागते. म्हणून दोन जिने चढताच धाप लागणे आणि छातीत धडधडणे याचा रोख रक्ताकडे अधिक असतो, तर नाडी मंद असणे, बद्धकोष्ठ, कोरडी पडलेली त्वचा, घोगरा आवाज आणि सकाळी डोळ्यांभोवती दिसणारी सूज यांचा रोख थायरॉइडकडे असतो. वजन थोडे वाढते हे खरे, पण बहुधा ते दोन-चार किलोच असते. पंधरा किलोंचा सगळा दोष या ग्रंथीवर टाकता येत नाही.

रक्तक्षयाची एक खूण मात्र घरात चेष्टेवारी नेली जाते. कच्चे तांदूळ, खडू, पाटीवरची पेन्सिल, माती किंवा बर्फ खाण्याची अनावर इच्छा होणे हे अनेकदा लोह कमी असल्याचे लक्षण असते, आणि लोह भरून आले की ती इच्छा आपोआप मावळते. मुलीला त्यावरून रागावण्यापेक्षा तिची रक्ततपासणी करून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

आहाराबद्दल दोन्हींकडे भरपूर समज-गैरसमज आहेत. बीट आणि डाळिंब लाल असल्यामुळे रक्त वाढवतात असे मानले जाते, पण डाळिंबात लोह अगदी थोडे असते आणि बिटातही फारसे नसते. आळीव, मटकीसारखी कडधान्ये, बाजरी, पालेभाज्या आणि मांसाहारी घरांत मटण किंवा कलेजी हे त्याहून चांगले स्रोत आहेत. वनस्पतींतले लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. उसळीवर लिंबू पिळले किंवा जेवणात आवळा, पेरू असला तर ते अधिक शोषले जाते, आणि जेवणाला लागूनच चहा घेतला तर कमी. लोखंडी कढईत आंबट आमटी किंवा भाजी केली तर थोडे लोह त्यातूनही मिळते. मात्र हिमोग्लोबिन बरेच उतरले असेल तर केवळ आहाराने ते वेळेत भरून निघत नाही, गोळी लागतेच. थायरॉइडच्या रुग्णांना कोबी-फ्लॉवर पूर्ण वर्ज्य करायला सांगितले जाते, त्याची गरज नाही. शिजवलेली भाजी नेहमीच्या प्रमाणात चालते. ‘नैसर्गिक’ म्हणून आयोडीनयुक्त मीठ सोडून केवळ सैंधवावर येणे मात्र शहाणपणाचे नाही, कारण सैंधवात आयोडीन नगण्य असते.

हे दोन्ही विकार एकाच व्यक्तीत असणेही दुर्मीळ नाही. थायरॉइड मंदावले की मासिक पाळीत रक्तस्राव वाढू शकतो आणि त्यातून लोह घटते. उलट, थायरॉइडचे संप्रेरक तयार करणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) लोहाची गरज असते. अशा वेळी घरोघरी एक चूक हमखास होते. लक्षात राहावे म्हणून थायरॉइडची आणि लोहाची गोळी सकाळी एकदमच घेतली जाते, त्या दोन्ही पोटात एकमेकींशी बांधल्या जातात आणि थायरॉइडची गोळी पुरेशी शोषली जात नाही. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी, आणि लोह किंवा कॅल्शियमची गोळी त्यानंतर किमान चार तासांनी घ्यावी. लोहाच्या गोळीने शौचाला काळे होते, ते अपेक्षितच आहे. बद्धकोष्ठ झाले तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांकडून ती बदलून घ्यावी.

तपासणी साधी आहे. हिमोग्लोबिन गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये 12, गरोदरपणात 11 आणि पुरुषात 13 ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय समजतात. फेरिटिन पाहिले तर लोहाचा साठा कळतो, कारण हिमोग्लोबिन उतरण्याआधीच साठा संपलेला असू शकतो. थायरॉइडसाठी टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक, पाहतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या सुरू असतील तर तसे आधी सांगावे आणि त्या निदान दोन दिवस थांबवाव्यात, नाहीतर थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. शाकाहारी व्यक्तीने बी-12 सुद्धा पाहून घेतलेले बरे, कारण त्याच्या कमतरतेतही हाच थकवा असतो.

उपचार सुरू झाल्यावर हिमोग्लोबिन साधारण महिन्याने आणि टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा पाहतात. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही साठा भरण्यासाठी लोहाच्या गोळ्या सुमारे तीन महिने चालू ठेवाव्या लागतात, तर थायरॉइडची गोळी पुष्कळांना कायमची लागते आणि बरे वाटते म्हणून ती सोडता येत नाही. पुरुषांमध्ये किंवा पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये लोह कमी आढळले, तर केवळ आहाराला बोल लावून थांबू नये. पोटातील व्रणातून, मूळव्याधीतून किंवा आतड्यांतील गाठीतून रक्त जात आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घेणे तिथे आवश्यक असते.