सत्तावन्न की पन्नास सात?

कोथरूडला भाचीचा अभ्यास घेत होतो. "सत्तावन्न लिही," म्हटलं. तिनं डावीकडे थोडी जागा सोडून आधी ७ काढला, मग त्या जागेत ५ बसवला. उत्तर बरोबर, रांग उलटी. 'एकोणसाठ'ला तर अडलीच. कानावर पडतं साठ, लिहायचे ५ आणि ९!

नेमक्या याच अडचणीपायी २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'सत्तावन्न'च्या जोडीला 'पन्नास सात' असं वाचन दिलं होतं. सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीच्या कचेरीतून निघालेला वाद पार विधानसभेत पोचला, आडनावांवर कोट्या झाल्या, आणि मूळ प्रश्न त्यातच विरला.

बदलाच्या बाजूनं परदेशी दाखला आहे, आणि चांगला आहे. चिनी भाषेत अकरा म्हणजे 'दहा एक', सत्तावन्न म्हणजे 'पाच दहा सात'. १९९५ च्या एका अभ्यासात चीन आणि अमेरिकेतल्या शाळेआधीच्या वयाच्या मुलांना मोजायला लावलं. दहापर्यंत दोन्हीकडची मुलं बरोबरीत. अमेरिकी मुलं मागे पडली ती अकरा ते वीसमध्ये, जिथे इंग्रजी नावांची शिस्त बिघडते.

मग ठरवून टाकायचं? जरा 'पिसा'चे आकडे बघू. पंधरा वर्षांच्या मुलांची ही आंतरराष्ट्रीय चाचणी. २०२२ मध्ये गणितात जपानची सरासरी ५३६, आणि जपानी नावं चिनीसारखीच सरळ. पण युरोपात शिरलं की गणित फसतं. जर्मन आपल्यासारखेच 'सात आणि पन्नास' म्हणतात: ४७५. फ्रेंचांचं सत्त्याण्णव म्हणजे 'चार वीस सतरा', आपल्यापेक्षा अवघड: ४७४. स्पेनमध्ये सरळ 'पन्नास आणि सात': ४७३! एक-दोन गुणांचा फरक तर नमुना निवडण्यातल्या चुकीतच बुडून जातो. नावांचा अडसर दुसरीत खरा असेलही. पंधराव्या वर्षापर्यंत शिक्षक, क्लास, घरची परिस्थिती असं इतकं काही मध्ये येतं की देशांच्या यादीत तो शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई.

मला विचाराल तर तुलनेला सोलापूर पुरे. कन्नडमध्ये सत्तावन्न म्हणजे 'ऐवत्तेळु', सरळ पन्नास सात. तिथल्या कन्नड माध्यमाच्या शाळांची पुस्तकंही बालभारतीचीच. राज्य एक, अभ्यासक्रम एक, आकड्यांची नावं तेवढी वेगळी. दुसरीच्या दोन्ही वर्गांत जायचं, आपापल्या भाषेत सत्तावन्न लिहायला सांगायचं आणि कोणता अंक आधी उमटतो ते बघायचं.